नळी फिरवून पाहा

"आज मंगळवार न हो, भाऊ?" असं विचारलं तरी आमचे वरचे भाडेकरू सरळ 'हो' म्हणायचे नाहीत. आधी माझ्याकडे पाहायचे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि मग म्हणायचे, "असेल." कॅलेंडर छापणाऱ्यानंच चूक केली असली तर काय घ्या! 'आहे' हा शब्द त्या माणसाच्या तोंडून निघायचाच नाही. नळाला पाणी आलं काय? आलं असेल. लाइट गेली काय? गेली असेल. मी एकदा तोंडावरच विचारलं, "भोपाळले घरी बायको आहे न तुमची?" तर तिथंही तेच. "असेल," म्हणाले आणि जिना चढून गेले. आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर संशय घ्यायचा नाही तर कोणावर घ्यायचा?

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे आणि मी तो लपवत नाही. वर्ध्याहून लग्न होऊन रायपूरला आले तेव्हापासून आमचे हे रेल्वेत, अर्धा महिना घराबाहेर. रस्त्यावरचं घर, वर एक खोली आणि गच्ची. दूधवाला, गॅसवाला, मीटर पाहणारा, सगळ्यांवर डोळा ठेवला म्हणून घर धड राहिलं. त्यात नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि माणसांचा नुसता लोंढा आला. भोपाळहून सरकारी बाबू ट्रंका घेऊन उतरत होते, ज्यांना यायचं नव्हतं तेही उतरत होते, आणि खोल्या मिळता मिळेनात. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एखाद्यानं न्हाणीघर जरी भाड्यानं काढलं असतं तरी गेलं असतं.

हे भाऊ त्याच लोंढ्यातले. मूळचे अकोल्याकडचे, आपला मराठी माणूस, म्हणून मी दार पूर्ण उघडलं. नाहीतर साखळी लावूनच बोलते मी. बाकीचे लोक विचारतात पाणी किती वेळ येते, मच्छर आहेत काय. यांनी विचारलं, "गच्चीवरून मावळतीकडं काही आडवं येते काय?" आणि मग विचारलं, "वरचा बाहेरचा बल्ब काढता येईल काय?"

एकटा माणूस, आणि अंधार मागून राहिला! मी साखळीला हात घातला. पण ह्यांनी तोवर हो म्हणून टाकलं होतं. सामान आलं त्यात एक ट्रंक, एक स्टोव्ह, आणि गोधडीत गुंडाळलेलं माणसाएवढं लांब काहीतरी. ते हमालाच्या हाती दिलं नाही. झोपलेल्या लेकराला न्यावं तसं स्वतःच वर घेऊन गेले.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"नळी."

"कायची नळी?"

"पीव्हीसीची असेल," ते म्हणाले.

चार दिवस मला झोप नाही. मग वड्या वाळवायच्या निमित्तानं वर गेले आणि पाहिलं तर दुर्बीण. प्लंबर लोक वापरतात त्या पाइपात भिंगं बसवून घरीच केलेली, लाकडाच्या तीन पायांवर उभी. बंदूक नव्हती म्हणून बरं वाटलं, पण पुरतं बरं नाही वाटलं. दुर्बिणीतून आभाळ दिसते तसं दुसऱ्याचं घरही दिसते, एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही.

पेपर आमच्या घरी यायचा आणि पहिला भाऊ वाचायचे, फाटकापाशी उभ्यानं. आकाशाची काही बातमी असली की थांबून वाचायचे. अमक्या देशानं रॉकेट सोडलं, तमका नवा ग्रह सापडला, शेपटीवाला तारा येऊन राहिला. वाचताना चेहरा असा, की शेजारणीनं नेलेलं पातेलं पोचा पाडून परत आणलंय. "पाहिलं कोणी?" एवढंच म्हणायचे आणि पेपर माझ्या हातात द्यायचे. जे गच्चीवरून तपासता येईल ते स्वतः तपासायचे, उरलेलं 'असेल'मध्ये टाकायचे. मी एकदा चिडून विचारलं, "मंग तुमचा भरवसा कायच्यावर आहे तरी?" तर म्हणाले, "छापलेल्यावर अर्धा. डोळ्यानं पाहिलेल्यावर पाऊण."

"आणि पाव?"

"तो राखून ठेवायचा, वहिनी. डोळाही खोटं बोलते."

मंगळ जवळ आला होता त्या वर्षी पाऱ्यात कुठून तरी पसरलं की तो चंद्राएवढा दिसणार. संध्याकाळी जेवणं उरकायच्या आत अख्खा पारा माझ्या जिन्यावर. भाऊ सगळ्यांना सांगत होते, "ऐसा नहीं दिखेगा, छोटा दिखेगा." कोण ऐकते! रांग लावून एकेकानं नळीला डोळा लावला आणि मसुराच्या दाण्याएवढा लाल ठिपका पाहून तोंड वाकडं केलं. समोरच्या भाभी, ज्यांचं दुमजली घर आमच्या गच्चीच्या अगदी तोंडावर आहे, त्या म्हणाल्या, "इत्ता सा? भैया, आपकी मशीन खराब है." लोक नाराज होऊन उतरले. दुसऱ्या दिवशी दळणाच्या चक्कीवर मी कानानं ऐकलं, की मोठा मंगळ त्यांनी सरकारी लोकांसाठी राखून ठेवला आणि आपल्याला बारका दाखवला. त्या नळीत सगळं उलटं दिसायचं, म्हणून नावही पडलं, 'उल्टी दूरबीन वाले भैया'.

एक गोष्ट मात्र मी विसरत नाही. ते अंतराळयान परत येताना आभाळातच तुटलं, त्यात आपल्याकडची एक मुलगी होती, तेव्हा टीव्हीवर, पेपरात सगळीकडे तेच. माझ्या डोळ्याला धार. भाऊ फाटकापाशी आले, पेपर वाचला, घडी केली. "छापलेलं आहे," म्हणाले, "थांबा जरा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशीही पेपर उघडून आधी कोपऱ्याकोपऱ्यात शोधत होते, कालची बातमी चुकीची होती असं कुठं बारीक अक्षरात आलं असेल तर. आलं नव्हतं. त्या दिवशी ते कचेरीत गेले नाहीत, आणि मी चहा वर पाठवला तो तसाच खाली आला. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

आता नळी फिरवायचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडे सिलतऱ्याकडचा वारा आला की गच्ची काळी होते. तिकडे लोखंडाचे कारखाने, त्यांची धूळ अशी बारीक की सकाळी झाडलं तरी संध्याकाळी तळपाय काळे. माझ्या पापड-वड्यांवर मी ह्यांचं जुनं मलमलचं धोतर पसरवते, तरी वर काजळी बसतेच. त्यांच्या भिंगाचीही तीच गत. दिवसभर पुसत बसलेले असायचे. मी म्हटलं, "मंग तुमाले दिसते तो डाग चंद्राचा का भिंगाचा, कळते कसं?"

हा माणूस खुलला म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा पाहिलं. "नळी फिरवून पाहा! हे डोळ्याजवळचं भिंग असं गोल फिरवायचं. डाग संगं फिरला तर घाण आपल्या भिंगावर. नाही फिरला, तर मंग तिकडं काही असेल." मला लावायला लावलं. चंद्राच्या गालावर एक टिकली होती. मी भिंग फिरवलं तशी टिकली गरगर फिरली. "सिलतरा," ते म्हणाले आणि फडकं काढलं.

ही त्यांची फिरवायची सवय नळीपुरती नव्हती. टमाटे फिरवून घ्यायचे, चहाचा कप फिरवून मग तोंडाला लावायचे, कुलूप लावलं की जिन्यावरून परत जाऊन किल्ली फिरवून पाहायचे.

मग तो मे महिना आला. एक दिवस भाऊ जिना उतरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. आपणहून कधी येत नसत. म्हणाले, "वहिनी, समोरच्या टाकीचं झाकण पडलं असेल. कबूतर आत गेलं, ते बाहेर नाही आलं. त्यांना सांगून द्या."

समोरच्या भाभींची पाण्याची काळी टाकी त्यांच्या जिन्याच्या छपरावर, लोखंडी शिडी चढून जावं लागते अशा जागी. रस्त्यावरून दिसत नाही. मी लाटणं खाली ठेवलं. "तुमाले कसं दिसलं?"

त्यांनी दाराची कडी फिरवून पाहिली.

"कसं दिसलं, भाऊ?"

"दिवसा नळी नीट करायले दूरचं काही तरी पाहावं लागते. टाकीवरची अक्षरं बरी पडतात," ते म्हणाले.

म्हणजे रोज नळी त्या घराकडे! आणि त्या घरात भाभींची कॉलेजात जाणारी पोट्टी, तिची खोली टाकीच्या बरोबर खाली, खिडकी आमच्याकडे. मी पदर खोचला आणि तडक रस्ता ओलांडून गेले. टाकीचं मी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. "तो तुमच्या टाकीपर्यंत पाहून राहिला, झाकण कुठं पडलं तेही त्याले माहीत आहे, खिडकीले पडदे लावा." पण भाभींच्या कानात झाकण कुठून शिरणार? त्यांनी 'पाहून राहिला' एवढंच ऐकलं. संध्याकाळी चार बाया घेऊन त्या आमच्या दारात. "दीदी, हमारे घर में जवान लड़की है. ये आदमी या तो जाएगा, या हम थाने जाएँगे." बाकीच्या बाया 'हव, हव' करत माना डोलावत होत्या. भाऊ जिन्यात उभे होते. एकच वाक्य बोलले, "टंकी देख लीजिए." ते ऐकून भाभी आणखीच भडकल्या. टाकी कोणी पाहिली नाही.

मी भाऊंना सांगितलं, महिना संपला की खोली खाली करा. काही चूक केली असं मला वाटत नाही. घरमालकिणीनं विचारायचं नाही तर कोणी विचारायचं?

तेव्हा ते खाली आले आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "जून द्या, वहिनी. फक्त जून. आठ तारखेच्या मंगळवारी शुक्र सूर्यावरून जाणार असेल. दिवसाढवळ्या, काळा ठिपका होऊन. आज जिता असलेल्या एकाही माणसानं ते पाहिलं नाही. माझ्या बापानं नाही, त्याच्या बापानं नाही. लहानपणी वाचलं तेव्हापासून मी या दिवसासाठी जगून राहिलो. मले पाहू द्या. मंग सांगावं नाही लागणार, मीच जातो."

"दुसऱ्या गच्चीवरून शुक्र दिसत नाही काय?"

"नव्या जागी कोणती भिंत कधी आडवी येईल, काय भरवसा? इथं सूर्य कुठून कुठं जाते ते मी रोज पाहून ठेवलं. घालवू नका मले त्याच्याआधी."

मी हो म्हटलं, पण फुकट नाही. मी म्हटलं, नळी त्या घराकडे वळली तर तिथंच पायांसकट खाली फेकीन, आणि त्या दिवशी मी स्वतः गच्चीवर बसणार. कोण जाणे, शुक्राच्या नावाखाली काय करून ठेवतील!

जून लागला तशी भाभींची पोट्टी आजारी पडली. आधी ताप, मग डोळे पिवळे. पीलिया, म्हणजे आपली कावीळ. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्यानं होतोच. डॉक्टरचं औषध सुरू झालं आणि मंत्रानं कावीळ झाडणाऱ्यानं गळ्यात जडीची माळही घातली. भाऊंनी मला दोनदा विचारलं, "टाकी पाहिली काय त्यांनी?" मी म्हटलं, तुम्ही त्या घराचं नाव काढू नका.

तो मंगळवार उजाडला तोच ढगाळ. ह्यांची ड्यूटी होती. मी शेवटचे पापड घेऊन वर जाऊन बसले, पहाऱ्याला. भाऊंनी रजा घेतली होती, दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता, आणि चहा प्यायला नव्हता. सूर्याकडे नळीतून पाहिलं तर डोळा जाईल, म्हणून त्यांनी सूर्य खाली पाडायचं ठरवलं होतं, कागदावर. कागद ठेवायला सपाट काही मिळेना. शेवटी मीच माझा पोळपाट दिला. त्यावर पांढरा कागद, आणि कागदावर बशीएवढा सूर्य उतरला. खरंच सांगते, मला ते आवडलं.

पेपरात पावणेअकराची वेळ दिली होती. ढग सरकत होते. सूर्य कागदावर यायचा आणि जायचा, आणि तो गेला की भाऊ मान वर करून ढगांकडं पाहायचे. मग ऊन आलं, आणि मी पाहिलं तर उंदरानं पापडाची कड कुरतडावी तसं सूर्याच्या कडेला काळं. थोड्या वेळानं ते कडेवरून आत आलं. गोल, काळाभोर ठिपका.

"आला हो!" मी ओरडले.

भाऊंचं तोंड उतरलं. "सिलतरा," ते म्हणाले. फडकं घेतलं आणि भिंग पुसलं. ठिपका तिथंच. पुन्हा पुसलं. ठिपका तिथंच. तिसऱ्यांदा फडकं उचललं तसा मी त्यांचा हात धरला.

"अहो काय करून राहिले! हलवून टाकाल सगळं."

"मले भरवसा नाही, वहिनी." ते फडकं सोडेनात. "इतके वर्षं वाट पाहिली की मनात असते तेच डोळा दाखवते. हे धुळीचं असेल. माझ्या नशिबी धूळच असेल."

बापा रे, काय करावं या माणसाला! मी त्यांना बाजूला सारलं आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे डोळ्याजवळचं भिंग धरलं. उन्हानं तापून चटका बसत होता. पदर घेतला आणि फिरवलं. कागदावर दोन बारके डाग होते ते गरगर फिरले. तो गोल ठिपका जागचा हलला नाही.

"नाही फिरला."

"पुन्हा फिरवा."

"नाही फिरला हो, भाऊ. तो तिकडचा आहे."

ते पोळपाटाजवळ गुडघ्यांवर बसले. मग अगदी हळू म्हणाले, "आहे." पुन्हा म्हणाले, "आहे, वहिनी. आहे." आणि ओक्साबोक्शी रडले. मीही रडले, मला काय झालं होतं देव जाणे. पापडांवरून धोतर उडून गेलं तेही मी पाहिलं नाही.

तेवढ्यात समोरून किंकाळी आली. भाभी त्यांच्या टाकीपाशी, शिडीच्या टोकावर. आम्ही दोघं डोकी खाली घालून काय करतोय ते त्यांना आपल्या गच्चीवरून दिसेना, म्हणून उल्टी दूरबीन वाल्याला पकडायला त्या जन्मात पहिल्यांदा ती शिडी चढल्या होत्या. आणि चढल्या तर समोर उघडी टाकी. "हे राम! दीदी, टंकी में... कबूतर..." पुढं त्यांना बोलवेना, नाकाला पदर लावून तिथंच बसल्या.

भाऊंनी कागदावरून मान वर केली नाही. डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे खरंच बाहेर नाही आलं."

टाकी उपसली, घासली, नवं झाकण आलं. पोरीला त्या टाकीमुळं झालं का नळाच्या पाण्यामुळं, कोण सांगणार? माफी आमच्या पाऱ्यात कोणी कोणाची मागत नाही, कटोरी पाठवतात. भाभींकडून भाऊंना कढीची कटोरी आली. त्यांनी ती फिरवून पाहिली, वास घेतला, आणि मग खाल्ली.

जून संपला तशी भाऊंनी ट्रंक बांधायला घेतली. अभनपूरच्या पुढे कुठं शेतात खोली पाहिली होती, बसनं जाणं-येणं करणार होते. मी जिन्यातच अडवलं. "राहा न आता. कोण जा म्हणते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पेपराकडे पाहतात. "काहून? मे महिन्यात जा म्हणत होत्या, आता राहा म्हणून राहिल्या. मधात काय झालं?"

"काही झालं नाही! चांगलं सांगून राहिली तर त्यातही संशय! जा मंग!"

"तिकडं अंधार चांगला असेल," ते म्हणाले. मनातून मला ते जायला नको होते. पण या माणसाला पटवायचं कसं?

जायच्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती, लख्ख ऊन पडलं होतं. टेम्पो फाटकाशी उभा, ट्रंक चढली, स्टोव्ह चढला. भाऊ नळी गोधडीत घेऊन पुढं बसायला निघाले, तोच समोरून भाभी आल्या. पाऱ्यातल्या बाया आपापल्या दारात.

"भैया, बिटिया ठीक हो गई. पीलिया उतर गया."

"उतर गया होगा," भाऊ म्हणाले.

"डॉक्टर ने बोला है, भैया. झाड़ने वाले ने भी बोल दिया, माला उतार दी."

"बोला होगा."

मी कपाळाला हात लावला. आता जाता जाताही भांडण! भाभी वळल्या आणि आपल्या घराकडे तोंड करून हाक मारली, "ए गुड़िया, बाहर आ."

पोट्टी आली. वाळली होती बिचारी, डोक्यावर ओढणी. भाभींनी तिला दोन्ही खांद्यांना धरलं, रस्त्यात आणलं, आणि उन्हात भाऊंच्या समोर उभं केलं.

"लो भैया. देख लो."

सगळा रस्ता पाहत होता. भाऊंचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाहा न! त्याच सांगून राहिल्या."

त्यांनी नळी माझ्या हातात दिली. कधी कोणाला दिली नव्हती. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि एक पाऊल पुढं झाले. "बिटिया, ऊपर देखो. अब उधर. अब पूरा घूम जाओ, मुँह धूप की तरफ."

पोट्टी गोल फिरली. त्यांनी तिचे डोळे या बाजूनं पाहिले, त्या बाजूनं पाहिले, घाई केली नाही.

"सफेद है," ते म्हणाले. मग भाभींकडे पाहून म्हणाले, "ठीक है. है."

भाभी तिथंच, रस्त्यात, रडायला लागल्या. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा नव्हत्या रडल्या.